आठवडाभराचा घाट

शिक्षकहो, येत्या आठवड्यात वर्गात काशीचा मुन्शी घाट मांडून पाहा. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातल्या श्रीधर मुन्शींनी तो एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधवून घेतला. पुढे १९१५ साली त्यातला काही भाग दरभंग्याच्या राजांकडे गेला. सोमवारी नकाशावर नागपूर ते काशी रेघ ओढा, तेवढं पुरे. नंतरचे दोन-तीन दिवस नदीलाच द्या. गंगा इथे उत्तरेकडे वाहते, घाट पश्चिम तीरावर. मग सकाळचं ऊन थेट पायऱ्यांवर का येतं? उत्तर सांगू नका, मातीच्या घाटावर टॉर्च धरून मुलांनाच शोधू द्या. पुराचं पाणी दहा पायऱ्या चढलं, तर उरल्या किती? हे गणित फळ्यापेक्षा तिथेच रमतं. शनिवारी दप्तर घरी ठेवून गावातल्या बारवेच्या पायऱ्या मोजायला चला, पण काठाशी मोठी माणसं हवीतच.