तिखटावर उतारा



मिरची कोणाच्या घरात नाही? कोणाच्या भाकरीवर ठेचा असतो, कोणाच्या ताटात झणझणीत रस्सा असतो. तोंड सगळ्यांचंच भाजतं. आणि तोंड भाजलं की सगळे एकच चूक करतात. घटाघटा पाणी पितात. ती चूक आम्हीही केली आहे. तीच हकीकत आज सांगतो.

आम्ही शाळेत हेडमास्तर होतो तेव्हाची गोष्ट. एकदा मुलांना वनभोजनाला नेलं होतं. शेजारच्या रानात मिरचीचं पीक उभं होतं. एका मुलानं पैजेवर लवंगी मिरची कचकन चावली. लवंगी दिसायला बारीक, पण भारी तिखट. पोरगा थयथया नाचू लागला. आम्ही त्याला पाणी पाजलं. एक तांब्या झाला, दुसरा झाला. पाणी तोंडात असेपर्यंत त्याला बरं वाटे. गिळलं की पुन्हा आग.

रानात एक म्हातारी मिरच्या तोडत होती. ती धावत आली. म्हणाली, "गुर्जी, पाणी नगा पाजू. त्यानं तिखट जात न्हाई, तोंडभर पसरतंय."

तिच्या फडक्यात भाकरी होती, गाडग्यात दही होतं. तिनं दही पोराच्या तोंडात घातलं. "लगेच गिळू नगंस, तोंडात घोळव," म्हणाली. मग भाकरीचा तुकडा चावायला दिला. थोड्या वेळानं तोंडाची आग निवली.

आम्ही मॅट्रिक झालेलो. म्हातारीला अक्षर येत नव्हतं. पण त्या दिवशी गुरुजी ती होती आणि विद्यार्थी आम्ही.

पुढे आम्ही याचं कारण वाचून काढलं. मिरचीत कॅप्सेसिन नावाचं द्रव्य असतं. बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात, त्या गरात ते सर्वांत जास्त असतं. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. तेलातुपात विरघळतं. तेलकट ताट नुसत्या पाण्यानं निघतं का? नाही. तसंच हे आहे. दुधादह्यात स्निग्ध अंश असतो. शिवाय दुधातलं एक प्रथिन हे द्रव्य जिभेवरून सोडवून नेतं. म्हणून दूध, दही प्यावं, तोंडात घोळवावं. ते नसेल तर चिमूटभर साखर किंवा गुळाचा खडा जिभेवर धरावा. भाकरी किंवा भात चावावा.

आता विचाराल, जीभ एवढी भाजते, मग तिला फोड का येत नाही? कारण जीभ खरोखर भाजलेलीच नसते. आपल्या अंगात चटका ओळखणारे मज्जातंतू आहेत. मिरचीचं द्रव्य त्यांनाच जागं करतं. मग जिभेला वाटतं, विस्तव लागला! हे कसं घडतं, ते अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञानं शोधून काढलं. त्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. यावरून आणखी एक गोष्ट कळते. तोंड पोळत असताना गरम चहा घेऊ नये. तेच मज्जातंतू अधिक चेततात.

पण त्या मुलाची गोष्ट अजून संपली नाही. त्यानं मिरचीच्याच हातानं डोळे चोळले! पोरगं किंचाळलं. आम्ही नवे शहाणे. दह्याचं बोट त्याच्या डोळ्याकडे नेलं. म्हातारीनं आमचा हातच धरला. "डोळ्यात काय बी घालू नगा, गुर्जी. तिथं निस्तं पाणीच."

मंडळी, हे नीट ध्यानात धरा. तोंडाला दही, पण डोळ्याला स्वच्छ पाणी. डोळ्यात तूप, तेल, दूध घालू नये. डोळा चोळू नये. आधी आपले हात साबणानं धुवावेत. मग डोळा उघडा धरून पाण्याची बारीक धार दहा-पंधरा मिनिटं सोडावी. तरीही लाली राहिली, अंधुक दिसू लागलं, तर घरी बसू नये. दवाखाना गाठावा.

आमच्या कितीतरी भगिनी मिरच्यांची देठं खुडतात, मसाला कांडतात. रात्री त्यांच्या हातांची आग होते. त्यांनी नुसत्या पाण्यात हात बुडवून बसू नये. हाताला गोडं तेल चोळावं, मग साबणानं धुवावं. आग राहिली तर पुन्हा तसंच करावं. हात स्वच्छ झाल्यावाचून तान्ह्या मुलाला घेऊ नये.

त्या म्हातारीला हा उतारा ठाऊक होता, पण तिला तो लिहून ठेवता येत नव्हता. म्हणून आम्ही लिहिला. तुम्हांला आता वाचता येतं. आज घरी गेल्यावर चुलीपाशी बसून हा पाठ सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.