बिअरसाठी मोठा टोप घेताना



घरी बिअर बनवायचं मनावर घेतलं, की पहिली मोठी खरेदी असते टोपाची. आपल्यात कुणी त्याला भगोणं म्हणतं, कुणी पातेलं. इथल्या दुकानात तो ‘केटल’ या नावानं मिळतो, पण चहाची किटली डोळ्यांसमोर आणू नका. हा तीस-चाळीस लिटरचा, झाकणाचा, स्टेनलेस स्टीलचा टोप असतो. लग्नकार्यात आचारी आमटीसाठी चढवतात ना, त्याचाच भाऊ.

आधी कायद्याचं सांगतो. अमेरिकेत 1978 साली अध्यक्ष कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी 1979 पासून घरच्यापुरती बिअर बनवायला केंद्र सरकारची परवानगी मिळाली. घरात एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200 गॅलन. विकायला मात्र परवानगी नाही, मंडळाच्या कार्यक्रमातसुद्धा नाही. राज्यांचे आणि गावांचे नियम वेगळे असू शकतात, ते बघून घ्या. ब्रिटनमध्ये परवान्याची अट 1963 सालीच गेली. आखातातल्या आपल्या श्रोत्यांनी आजचं बोलणं नुसतं ऐकायचं, करायला जायचं नाही.

आता कृती दोन वाक्यांत, म्हणजे टोपाला काय काम पडतं ते कळेल. सातूला मोड आणून, वाळवून, हलका भाजून माल्ट बनतो. ते कोमट-गरम पाण्यात भिजवून गोड काढा निघतो, त्याला वर्ट म्हणतात. हा वर्ट हॉप्स घालून साधारण तासभर खळाखळा उकळायचा, मग झटपट थंड करून यीस्ट घालायचं. माल्ट भिजवण्याची खटपट नको असेल, तर तयार माल्टचा पाक किंवा पूड मिळते. ती पाण्यात विरघळवून उकळायची.

म्हणजे टोपाची कामं तीन: तापवणं, तासभर उकळणं आणि थंड करणं. टोप निवडताना बहुतेक जण फक्त मधल्या कामाचा विचार करतात. माझं आजचं सांगणं एवढंच आहे, की टोप आधी आपल्या चुलीला विचारून घ्या, मग आपल्या हातांना विचारून घ्या, आणि दुकानदाराला सगळ्यांत शेवटी.

मापापासून सुरू करू. इथे बहुतेक कृती 5 गॅलनच्या असतात. अमेरिकन गॅलन म्हणजे 3.8 लिटर, म्हणून 5 गॅलन म्हणजे 19 लिटर. ब्रिटिश गॅलन मोठा, साडेचार लिटरचा. तिकडच्या श्रोत्यांनी लिटरच धरावं. शेवटी 19 लिटर हातात हवे असतील तर उकळायला घेताना साधारण 25 लिटर लागतात. तासाभरात तीन-चार लिटर वाफ होऊन जातात आणि तळाशी एखादा लिटर गाळ राहतो. आता 25 लिटर बसतात म्हणून 25 लिटरचा टोप घेतलात, तर पहिल्या उकळीलाच शेगडी धुवावी लागेल. वर्ट दुधासारखा उतू जातो. तो आधी शांत दिसतो आणि नजर वळली की फेस काठावर येतो. हॉप्स टाकले की पुन्हा उसळतो. म्हणून वर किमान पाच-सहा लिटरची जागा मोकळी हवी. तीस लिटरमध्ये काम होतं, पण डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. 38 लिटर, म्हणजे 10 गॅलन, हे निवांत माप. दुकानात याच टोपावर 40 क्वार्ट असं लिहिलेलं असतं.

सगळा माल्ट एका मोठ्या फडक्यात बांधून त्याच टोपात भिजवायची एक पद्धत आहे. नंतर फडकं उचलून निथळत ठेवायचं, आपण चक्का टांगतो तसं. एकाच टोपात सगळं होतं म्हणून ती नवशिक्यांना सोयीची पडते. पण इथे पाणी आणि धान्य एकाच वेळी मावायला हवं. पाच किलो माल्ट असेल तर पाणी 28-29 लिटर, आणि धान्याची जागा तीन-साडेतीन लिटर. झाले 32. इथे तीस लिटरचा टोप चालतच नाही, 38 चाच हवा.

हे ऐकून सरळ 38 लिटरचा टोप मागवू नका. आता चुलीला विचारायचं आहे.

पंचवीस लिटर पाणी 20 अंशांपासून 100 अंशांपर्यंत न्यायला जवळजवळ 2.3 युनिट ऊर्जा लागते. आपल्या घरची गॅसची शेगडी समजा 12,000 बीटीयूची आहे. म्हणजे साडेतीन किलोवॅट. त्यातली जेमतेम चाळीस टक्के उष्णता टोपात जाते असं धरलं, बाकीची बाजूनं निघून जाते, तर उकळी यायला शंभर मिनिटं लागतील. आणि उकळी आली तरी प्रश्न संपत नाही. तासाला चार लिटर वाफ व्हायची असेल तर पाण्याला सतत अडीच किलोवॅट मिळत राहायला हवेत. आपल्याकडे पोहोचतात दीडच्या आत. म्हणजे मोठ्या टोपात वर्ट नुसता रटरटत राहील, खळाखळा उकळणार नाही. खळखळून उकळणं हौसेसाठी नसतं. त्यानं हॉप्सचा कडवटपणा उतरतो, आणि माल्टमधला उकडलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबर निघून जातो. याच कारणानं उकळताना झाकण पूर्ण घालायचं नाही.

आकडेमोड नको असेल तर सोपी परीक्षा सांगतो. घरातल्या सगळ्यांत मोठ्या टोपात 10 लिटर नळाचं पाणी घ्या, सगळ्यांत मोठ्या बर्नरवर झाकण ठेवून चढवा आणि घड्याळ लावा. पंचवीस मिनिटांच्या आत उकळलं, तर तुमची चूल 25 लिटर पेलेल. चाळीस मिनिटं लागली, तर तिला मोठा टोप देऊ नका. अशा घरात दोन मार्ग आहेत. एक, 18-20 लिटरचा टोप घ्या, माल्टच्या पाकाचा दाट वर्ट 10-11 लिटर उकळा आणि नंतर आधी उकळून गार केलेलं पाणी घालून 19 लिटर करा. दोन, एका वेळी 4 ते 8 लिटरच बिअर बनवा. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना हा दुसरा मार्ग मी आवर्जून सांगेन. बिघडली तरी जीव हळहळत नाही, आणि टोप नंतर रोजच्या स्वयंपाकाला येतो.

शेगडी मोजताना मीटर टेप हाताशी ठेवा. इथल्या कितीतरी स्वयंपाकघरांत शेगडीच्या बरोबर वर मायक्रोवेव्ह बसवलेला असतो. 38 लिटरचा टोप उभट असला, तर तो आत सरकतो, पण वरून डाव फिरवायला हात जात नाही आणि सगळी वाफ मायक्रोवेव्हच्या पोटात. काचेची शेगडी असेल तर तिच्या पुस्तिकेत टोपाचं वजन आणि बुडाचा व्यास यांची मर्यादा दिली आहे का ते वाचा. भरलेला टोप तीस किलोच्या वर जातो. थंडीच्या दिवसांत बंद घरात तीन-चार लिटर पाण्याची वाफ होते हेही लक्षात घ्या. खिडक्या घामेजतात, भिंती ओलावतात.

मोठं काम करणारी मंडळी बाहेर अंगणात प्रोपेनची शेगडी वापरतात. ती उत्तम, पण बाहेरच. नोव्हेंबरात गारठा वाढला की ती गॅरेजमध्ये आणायचा मोह होतो. आणू नका, दार सताड उघडं असलं तरी नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि गॅरेजच्या पलीकडच्या भिंतीला मुलांची खोली असते. लाकडी डेकवरही नको. सपाट सिमेंट किंवा फरशी हवी.

आता धातू. 304 क्रमांकाचं स्टील मागा. यावर 18/8 किंवा 18/10 असंही लिहितात. पहिला आकडा क्रोमियमचा टक्का, दुसरा निकेलचा. पितळेच्या भांड्याला कल्हई लागते, स्टीलला लागत नाही. कारण क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर हवेत आपोआप तयार होतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा जुळतो. लोहचुंबक लावून स्टील ओळखायचं, असं कुणी सांगेल. त्यावर विसंबू नका. 201 क्रमांकाच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि इंडक्शनसाठीच्या चांगल्या टोपाच्या बुडाला मुद्दाम चिकटेल असा थर दिलेला असतो. इंडक्शन असेल तर मात्र बुडाला चुंबक चिकटतो की नाही हे पाहूनच घ्या.

स्टीलमधून उष्णता सावकाश पसरते. म्हणून घरच्या छोट्या बर्नरवर, कॉइलवर किंवा इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचा थर मध्ये घातलेलं जाड बूड घ्या. नाहीतर माल्टचा पाक मधोमध बुडाला लागतो आणि सगळ्या बिअरला करपट वास येतो. पाक घालताना आच बंद करून, तळापर्यंत ढवळून मगच पुन्हा पेटवायची. बाहेरच्या मोठ्या ज्योतीवर पातळ वर्टच उकळणार असाल तर साधं एकेरी बूडही चालून जातं. तिथे पैसे वाचवा.

बुडाजवळ नळ असावा का? 19 लिटरचं काम असेल तर हो. हातांना विचारायचं ते इथे. उकळलेला 20 लिटर वर्ट आणि टोप मिळून पंचवीस किलो. शिवाय वर्ट साखरेचा. पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो. म्हणून नियम करा: गरम टोप उचलायचा नाही. आहे तिथेच तांब्याची किंवा स्टीलची नळीची गुंडाळी आत सोडून, तिच्यातून गार पाणी खेळवून वर्ट थंड करायचा, मग नळानं किंवा नळीनं खाली बादलीत काढायचा. कामाच्या दिवशी लहान मुलं आणि कुत्रा त्या जागेपासून लांब. नळ घ्याल तो पूर्ण उघडून धुता येणारा घ्या, आतल्या फटीत घाण साचते. टोपात घुसणारा थर्मामीटर फडक्याला आणि गुंडाळीला अडतो; वेगळा हातातला घेतलेला बरा. आतून लिटरच्या खुणा असतील तर छानच. नसतील तर लांब दांड्याच्या लाकडी डावावर एकेक लिटर ओतून स्वतः खुणा करा.

एक घरगुती गोष्ट राहिली. हाच टोप गणपतीत मंडळाच्या आमटीला चालेल का, असं विचारणारे आहेत. हिशेबानं चालतो: माणशी 200 मिलीलिटर धरलं तर 30 लिटरमध्ये दीडशे पानं उठतात. चिंच-कोकमाचंही स्टीलला काही वाटत नाही. पण तसं करायचं असेल तर नळाचा टोप घेऊ नका, डाळ त्यात अडकते. जाड बूडच घ्या. बिअरच्या आधी तेलाचा ओशटपणा पूर्ण काढा, कारण तेलाच्या अंशानंही बिअरचा फेस बसतो. आणि ज्या भांड्यात बिअर होते त्यात नैवेद्य नको, असं घरात आईला, सासूबाईंना वाटत असेल, तर तिथे रसायनशास्त्र सांगायला जाऊ नका. दोन टोप ठेवा, किंवा एकाचं काम आधीच ठरवून सगळ्यांना सांगा. परस्पर वापरून नंतर कळणं वाईट.

नवा टोप आला की गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणानं नीट घासा. कारखान्यातलं तेल असतं. तारेची घासणी नको, आणि ब्लीच तर मुळीच नको, त्यातल्या क्लोरीननं स्टीलला बारीक खड्डे पडतात. पहिल्यांदा नुसतं पाणी तासभर उकळून किती आटतं ते मोजा. तुमच्या घरचा तो आकडा कुठल्याही पुस्तकातल्या आकड्यापेक्षा खरा.

तर मंडळी, खरेदीला निघण्याआधी 10 लिटर पाणी आणि घड्याळ, एवढीच तयारी करा. बाकी बिअर बनायला तीन-चार आठवडे लागतातच, टोप निवडायला एक शनिवार गेला तर बिघडत नाही.