स्वस्त यंत्र, मुक्त प्रणाली आणि आपण

(सेवाकार्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'डिजिटल दरी' हा मला दिलेला विषय. शब्द जड आहे, पण त्याचा अर्थ दोन आकड्यांत सांगता येतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, शहरी भागातील २३.४ टक्के घरांत संगणक होता आणि ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के घरांत. पुढे दोन वर्षांनी टाळेबंदी आली आणि शाळा पडद्यावर भरू लागल्या. घरात मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला. अशा घरांतील मुलांचे त्या काळात काय झाले, हे सेवावस्तीत जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. आता मोबाइल बहुतेक घरांत आला, मग संगणकाची चिंता कशाला, असे काही जण विचारतात. मोबाइलवर मूल पाहते आणि ऐकते. निबंध लिहिणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, आज्ञावली रचणे यांसाठी त्याला कळफलकच लागतो.

यंत्र स्वस्त केले की दरी बुजेल, या कल्पनेची आपल्या देशात तीनदा परीक्षा झाली आहे.

पहिला प्रयत्न सर्वस्वी आपला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एन्कोर ही तेथील कंपनी यांनी मिळून 'सिम्प्युटर' नावाचे हातात मावणारे यंत्र तयार केले. २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांसमोर आला. आत लिनक्स ही मुक्त प्रणाली होती. गावातील अनेकांनी मिळून एकच यंत्र वापरावे, प्रत्येकाने आपापले स्मार्ट कार्ड त्यात घालावे आणि ज्याला वाचता येत नाही त्याला यंत्रानेच मजकूर वाचून दाखवावा, अशी ती योजना होती. आपल्या समाजाची घडण ओळखून केलेला इतका मूलगामी विचार त्या काळी परदेशी कंपन्यांच्या यंत्रांत मला दिसत नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने २००४ मध्ये ते विक्रीस आले. सर्वांत स्वस्त प्रकार ९,९५० रुपयांचा होता. परंतु विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही. मला या प्रयत्नाला अपयश म्हणवत नाही. मात्र यंत्र बनविणारे होते आणि ते गावोगाव रुजविणारे नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा प्रयत्न अमेरिकेतून आला. निकोलस निग्रोपॉण्टे यांचा शंभर डॉलरचा लॅपटॉप, प्रत्येक मुलाला एक. आपल्या शिक्षण मंत्रालयाने २००६ मध्ये त्याला नकार दिला. तरीही २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत वीस-बावीस मुलांच्या हाती ते हिरवे-पांढरे यंत्र पडले. मुले रमली, शिकली. पण त्यातून राज्यभर पसरावे असे काही उभे राहिले नाही. तिसरा प्रयत्न संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारचा, म्हणजे ५ ऑक्टोबर २०११ रोजी गाजावाजा करून आणलेला 'आकाश'. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडला. त्याचा मंद प्रक्रियक आणि दाबून दाबून चालवावा लागणारा पडदा यांनी विद्यार्थ्यांची निराशाच केली. पुढील वर्षी सुधारित आवृत्ती आली, तोवर बाजार पुढे निघून गेला होता.

माझ्या मते तिन्ही वेळा यंत्राच्या किमतीचा जितका विचार झाला तितका यंत्राभोवतीच्या माणसांचा झाला नाही. यंत्र बिघडले तर कोणाकडे जायचे, शिक्षकाला कोण शिकविणार, मुलाच्या भाषेत त्यात काय असेल, हे प्रश्न मागे राहिले.

गरज आधी पाहिली तर काय घडते, याचे उदाहरण कोल्हापूरजवळ आहे. १९९८ मध्ये अटलजींच्या सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी कृतिदल नेमले. त्याच सुमारास तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी परिवारातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले, तेव्हा या संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाची नोंद, वजन, खत आणि बिलाची चौकशी एवढ्यासाठीच होत होता. मग सात गावांत प्रयोग झाला. संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून संदेश पाठवून शेतकऱ्याला तीच माहिती देण्यात आली. काम भागले, खर्च घटला. जिथे मोबाइल पुरतो तिथे मोबाइल द्यावा. आपल्या वसतिगृहातील मुलाला मात्र तो पुरत नाही.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपल्याच विचारांच्या एका संस्थेच्या संगणकवर्गात मी गेलो होतो. भिंतीवर चारित्र्याविषयीची सुंदर सुभाषिते होती, आणि दहाही संगणकांत चोरून उतरविलेली प्रणाली. वर्ग चालविणारा कार्यकर्ता निष्ठावान होता, पदरमोड करणारा होता. "परवाना घ्यायला पैसे कुठून आणू?" असे त्याने विचारले, तेव्हा माझ्याकडेही चटकन उत्तर नव्हते. आपल्यापैकी किती जणांच्या घरी अशीच प्रत वर्षानुवर्षे नांदली, हे ज्याचे त्याने आठवावे. हात वर करायला सांगत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर मुक्त प्रणालीत आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प घोषित केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा लिहिला. या प्रणालींचा परवाना सांगतो की वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. मात्र बदललेले पुढे दिलेत तर त्याचा मूळ मजकूरही द्या. म्हणजे शिकविणाऱ्याने शिष्यापासून काही झाकून ठेवायचे नाही. फुकट मिळणे हा दुय्यम लाभ झाला. परदेशात जन्मलेली गोष्ट स्वदेशी कशी, असे एका ज्येष्ठांनी मला विचारले होते. माझे उत्तर असे की जिची किल्ली आपल्या हाती आहे ती वस्तू आपली. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपीय निर्बंधांनंतर नायरा एनर्जी या भारतात तेलशुद्धीकरण करणाऱ्या कंपनीच्या ई-पत्रव्यवहाराच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, नंतर सेवा पूर्ववत झाली. किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होते, हे यावरून समजावे. आपल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ पासून डेबियनच्या आधाराने 'बॉस' प्रणाली दिली आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर बेतलेली 'माया' स्वीकारण्याचे ठरविले. एकाही परदेशी कंपनीची परवानगी त्यासाठी लागली नाही.

मराठीचेही तसेच आहे. पूर्वी एका टंकात लिहिलेला लेख दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की कावळ्या-चिमण्यांची लिपी दिसे. नियतकालिकात काम केलेल्यांना हे दुःख ठाऊक आहे. युनिकोडने ते संपविले, आणि त्यातील देवनागरीची मांडणी 'इस्की' या भारतीय प्रमाणकावरूनच घेतलेली आहे. तरीही 'दुसऱ्या'तला तो अर्धा 'ऱ' अनेक वर्षे चुकीचा उमटे. अशा चुका दुरुस्त करायला परदेशी कंपनीला मराठीची बाजारपेठ मोठी वाटावी लागते. मुक्त प्रणालीत आपल्यापैकी कोणीही ती दुरुस्ती करून पाठवू शकतो. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातील गटाने लिनक्सची मेनूपत्रे मराठीत आणली. 'लोहित' हे मुक्त टंक मुळात पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे. शिकविण्याचे साहित्यही आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठीतून धडे मिळतात.

हे शालेय पातळीवर घडू शकते का? केरळमध्ये घडले. तेथील एका प्रमुख पक्षाशी आपले मतभेद जगजाहीर आहेत, पण चांगले ते चांगले म्हटले पाहिजे. २००१ मध्ये 'आयटी अॅट स्कूल' प्रकल्प सुरू झाला तेव्हा अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या प्रणालीभोवती फिरत होता. शिक्षकांनी त्याला विरोध केला आणि शाळा हळूहळू मुक्त प्रणालीकडे वळल्या. दहावीची संगणकाची परीक्षाही तीवर होऊ लागली. प्रत्येक शाळेतील एका शिक्षकाला या कामासाठी तयार करण्यात आले. सिम्प्युटरला जो माणूस मिळाला नाही, तो इथे मिळाला.

आपल्यासाठी संधी आज दारात उभी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबला. २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून मुंबई-पुण्यातील कार्यालये चांगले चालणारे संगणक भंगारात काढत आहेत. चार जीबी स्मृतीच्या अशा यंत्रावर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती सहज चालते. फिरत्या चकतीच्या जागी लहानशी एसएसडी बसविली तर यंत्र ओळखू येत नाही, इतके झरझर काम करते. आजचा सर्वांत स्वस्त संगणक कारखान्यात बनवायला नको, तो आपल्यापैकी कोणाच्या तरी माळ्यावर पडून आहे.

मात्र यंत्र नेऊन ठेवले आणि फीत कापून परतलो, असे करू नका. एका वसतिगृहाला पाच संगणक द्यायचे असतील, तर वर्षभर दर पंधरवड्याला तिथे जाणारे दोन तरुण आधी ठरवा. ते नसतील तर संगणक देऊ नका. वसतिगृहातल्याच आठवी-नववीच्या दोन मुलांना प्रणाली स्थापन करायला शिकवा. बिघडले तर ती पुन्हा घालायला वेळ फारसा लागत नाही, आणि मुलांना मोडून जोडण्याची भीती मोठ्यांपेक्षा कमी असते.

दुपारच्या सत्रात हे प्रत्यक्ष करणार आहोत. मागच्या खोलीत तीन जुनी यंत्रे ठेवली आहेत. त्यांपैकी एक सुरूच होत नाही. आरंभ त्याच्यापासून करू.