राहणार आणि हल्ली मुक्काम

(मंदिराच्या जीर्णोद्धार समारंभात ग्रामस्थ व देणगीदार यांच्यासमोर केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा, एस.एस.सी.पर्यंत शिकलेला साधा माणूस आहे. समितीने देणगीदारांची यादी स्वच्छ अक्षरात लिहून काढण्याचे काम मजकडे सोपविले होते. ते पूर्ण झाल्यावर मंडळी म्हणाली, "यादी तूच लिहिलीस, आता दोन शब्दही तूच बोल." मोठ्यांचा शब्द मोडवत नाही, म्हणून उभा आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

यादीचे दोन भाग करावेत असे आधी ठरले होते. एका भागात ग्रामस्थ, दुसऱ्या भागात बाहेरगावचे. पहिला भाग लिहून झाला. दुसरा लिहायला घेतला तर पहिल्याच पानावर सुरत, सुरत, सुरत! मग अंकलेश्वर, वापी, नाशिक, पुणे. शेवटी दोन-चार नावे थेट परदेशातली. आमच्या कचेरीच्या कागदात माणसाला दोन पत्ते असतात. एक 'राहणार' आणि दुसरा 'हल्ली मुक्काम'. राहणार सारंगखेडा, हल्ली मुक्काम सुरत. वीस वर्षे मी हे शब्द लिहीत आलो, पण त्यांचा अर्थ कधी मनात आला नव्हता. या यादीत माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचे नाव 'बाहेरगावचे' या मथळ्याखाली लिहिण्याची वेळ आली, तेव्हा हात थांबला. आज त्याबद्दलच बोलतो.

आपली तापीमाई मुलताईहून निघते, आपल्या घाटावरून जाते, प्रकाश्याला गोमाईला भेटते, उकाईच्या धरणात विसावा घेते आणि सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. आपल्या गावची माणसेही त्याच दिशेने गेली. दोंडाईचा स्टेशनवर भुसावळकडून येणारी गाडी धरायची आणि उधन्याला उतरायचे. खानदेशातला कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर, दोन एकरांत चार भाऊ असलेला तरुण याच रस्त्याने गेला. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत फिरलात तर आपल्या खानदेशातच आहोत असे वाटते. भाजीवालीशी अहिराणीत भाव करता येतो. तिथल्या महापालिकेने मराठी शाळा चालविल्या. इतकी आपली माणसे तिथे आहेत.

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, १९९० साली गेला. वय अठरा. वडील सरकारी कचेरीत शिपाई, शेती नावापुरती. दादाला लूमच्या कारखान्यात काम मिळाले. बारा तासांची पाळी. यंत्रांचा आवाज एवढा की शेजारच्या माणसाशीही हातवाऱ्यांनी बोलायचे. राहायला एक खोली, तीत आठ जण. चार दिवसपाळीचे, चार रातपाळीचे. एक उठला की त्याच्याच अंथरुणावर दुसऱ्याने पाठ टेकायची. घरी आला की दादा फार मोठ्याने बोलायचा. आई म्हणे, "सुरतेने पोराला ओरडायला शिकवले." त्याचे कान कमी झाले आहेत, हे आम्हाला फार उशिरा कळले.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. गाड्या भरभरून माणसे पळाली. दादाही आला. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. तो दारात उभा राहिला आणि वडिलांनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबविले. आत धाकटी भावंडे, शेजार भेदरलेला. दादा आठ दिवस शेतातल्या झोपडीत राहिला. मी जेवणाचा डबा बांधावर ठेवून मागे सरायचो, मग तो येऊन उचलायचा. तो एक शब्द बोलला नाही. वडिलांचा दोष नव्हता, भीतीचा होता. पण आपल्या घराचा उंबरा आपल्यालाच बंद होऊ शकतो, हे त्या पोराने त्या दिवशी पाहिले. साथ ओसरली आणि तो परत गेला. पुढे त्या शहराची साफसफाई झाली, नाव झाले. दादाही त्या शहराचा झाला.

एस.एस.सी. झाल्यावर १९९६ साली मीही त्याच्या मागोमाग गेलो. कपडा बाजारात साड्यांचे गठ्ठे बांधण्याचे काम. आठ महिने काढले. मजुरी वेळेवर मिळे, मालकाने कधी वाईट शब्द काढला नाही. पण आखाजी आली आणि माझा धीर सुटला. गावात लिंबाला झोके बांधले असतील, बहिणी माहेरी आल्या असतील, घरोघरी घागर भरली असेल, खापरावर मांडे पडत असतील, आणि मी दोरीने गठ्ठे आवळतोय! रात्रीच्या गाडीने निघून आलो. दादा रागावला नाही. म्हणाला, "तू जा. दोघांपैकी एकाने तिथे असलेले बरे." मी त्याला त्या वेळी भित्रा वाटलो असेन असे मला वाटे. आज वाटते, त्यालाही यायचे होते. पण एकानेच येण्यासारखे होते, म्हणून तो थांबला.

वडील २००१ साली नोकरीत असतानाच वारले. दादा पोचला तेव्हा चिता विझली होती. अनुकंपा तत्त्वावर एका मुलाला नोकरी मिळणार होती. थोरला म्हणून पहिला हक्क दादाचा. मंडळी, बारा तास लूमवर उभ्या राहणाऱ्या माणसासमोर सरकारी नोकरी येते, तीही स्वतःच्या तालुक्यात! दादाने मुद्रांक कागदावर 'माझी काही एक हरकत नाही' असे लिहून दिले. खाली सही केली, गाडी धरली आणि रातपाळीला हजर झाला. आज मी ज्या खुर्चीवर बसतो, ती त्या एका सहीवर उभी आहे. मी गावात राहिलो म्हणून गावचा, आणि ज्याच्यामुळे राहू शकलो तो बाहेरगावचा. हा कुठला न्याय?

अशी सही प्रत्येक घरात कोणी ना कोणी दिलेली आहे. कोणी विहिरीचे पैसे पाठविले, कोणी बहिणीचे लग्न लावले, कोणी आपल्या वाट्याचे बिघाभर रान भावाला कसायला ठेवले. त्याची नोंद कुठल्याही उताऱ्यावर होत नाही.

आणि त्यांचे तिथले दिवस सुखाचेच होते असेही नाही. २००६ च्या ऑगस्टात तापीला महापूर आला. इथे आपण घाटावर उभे राहून पाणी बघितले. तेच पाणी उकाईहून सुटले आणि सुरत शहर बुडाले. दादाचे बिऱ्हाड तीन दिवस दुसऱ्याच्या गच्चीवर होते. फोन लागेना. आई नदीकडे तोंड करून बसायची आणि पुटपुटायची, "माय, माझा पोरगा तिकडे आहे, जरा जपून जा."

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगताना मला लाज वाटते. २०२० च्या मार्चमध्ये सगळा देश बंद झाला. मे महिन्यात सुरतेची माणसे मिळेल त्या वाहनाने, काही पायी, परत येऊ लागली. गावोगावच्या शाळांत त्यांना चौदा दिवस ठेवत. आम्हा कारकुनांना याद्या करण्याचे काम होते. रकाना होता 'बाहेरून आलेल्या व्यक्ती'. एका दुपारी मी मान खाली घालून नावे लिहीत होतो. "नाव सांगा," म्हणालो. समोरून कोणी बोलेना. वर पाहिले तर तोंडाला रुमाल बांधलेला दादा. तो हळूच म्हणाला, "लिही ना भो. तुला तर पाठ आहे." मी लिहिले. हल्ली मुक्काम, वय, कुठून आले. पंचवीस वर्षांपूर्वी मी बांधावर डबा ठेवून मागे सरलो होतो, या वेळी शाळेच्या ओट्यावर ठेवून मागे सरलो. नियम बरोबर होता, आणि तो पाळलाच पाहिजे होता. पण माझ्या हस्ताक्षरात माझा भाऊ परका म्हणून नोंदला गेला, ही बोच आजही आहे.

चौदा दिवस झाले, दादा घरी आला आणि प्रथमच सलग चार महिने राहिला. त्या श्रावणात आमच्याकडे कानबाई बसली. आमच्या घरी रोटांचे गहू मोजायची एक रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने आई सव्वा मूठ गहू घालते, तान्ह्या पोराच्या नावानेसुद्धा. दादा १९९० पासून बाहेर, कधी कानबाईला येई, बहुतेकदा येत नसे. पण आईने त्याची मूठ एकदाही वगळली नाही. त्याच्या वाट्याचा रोट आम्ही भावंडांनी वाटून खाल्ला. त्या वर्षी तिने त्याच्या नावाची मूठ घातली आणि तो समोर बसला होता. त्याने विचारले, "माय, मी नसताना पण घालायचीस?" आई म्हणाली, "तू नव्हतास कधी?" दादा उठून मागच्या दारी गेला.

माझ्या कचेरीचे रजिस्टर एक हिशेब सांगते, आईची मूठ दुसरा. मी सरकारी माणूस असूनही सांगतो, आईचा हिशेब खरा.

आता दादाचा मुलगा. जन्म सुरतेचा, शाळा सुरतेची, शिक्षणासाठी २०२२ साली कॅनडाला गेला. तिथे तळघरातल्या एका खोलीत पाच जण राहतात, शिक्षण सांभाळून गोदामात काम करतात, बाहेर बर्फ. हे ऐकून दादा हसला. म्हणाला, "माझीच खोली त्याला मिळाली, फक्त थंड आहे." मी एकदा फोनवर त्याला म्हटले, "बाळा, गावाची आठवण येते का रे?" तो म्हणाला, "खूप येते काका. उधन्याची गल्ली, सकाळचा लोचो, मित्र." सारंगखेड्याचे नावच नाही! मला राग आला. दादाला मात्र आला नाही. तो म्हणाला, "त्याचे काय चुकले? मी त्याला गाव सुटीपुरतेच दाखविले. जिथे खेळला ते त्याचे गाव." मंडळी, ज्या सुरतेत आपला माणूस परका म्हणून गेला, तीच त्याच्या मुलाची मायभूमी झाली. आठवणीचे गाव असे पिढीगणिक पुढे सरकते.

पण ते सरकते म्हणून मागचे सगळे पुसले जाते असे नाही. गेल्या शतकाआधीच कोकणातून मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांच्या पिढ्या आजही तिथे गणपती बसवितात. बेने इस्रायली मंडळी इस्रायलात स्थायिक झाली, त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांनी १९८१ साली एकत्र येऊन बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापिले. माणूस नव्या जागी रुळतो. पण वर्षातून एक दिवस तरी त्याला आपल्या पद्धतीने हात जोडायचे असतात, आपल्या भाषेत भांडायचे असते. आपली माणसेही दत्तजयंतीच्या यात्रेला येतात, घोडे बघतात, आणि कोणी वाटेत "कव्हय उना रे भो?" असे विचारले की त्यांचे डोळे भरतात.

दोन गोष्टी बाहेरच्या बांधवांना स्पष्ट सांगतो, राग मानू नये. जीर्णोद्धार ठरला तेव्हा तुमच्यापैकी काहींची पत्रे आली की जुने लाकडी खांब, जुनी कौले तशीच ठेवा, आमचे बालपण तिथे आहे. भावना खरी होती. परंतु तुमच्या आठवणीतले छप्पर गळत नाही. इथले गळत होते, आणि पावसाळ्यात बादल्या आम्ही लावत होतो. गाव म्हणजे तुमच्यासाठी जपून ठेवलेले चित्र नव्हे, इथे माणसे राहतात. समितीने जुनी घंटा जागेवर ठेवली आहे, ती वाजवा. तिचा आवाज तोच आहे.

दुसरी गोष्ट कारकून म्हणून सांगतो. आई-वडील गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या, आणि ते असतानाच वर्षातून एकदा तरी येऊन जा. घराला कुलूप लावून गेलात तर किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. किल्ली असली की शेजारी झाडतो, आणि झाडलेल्या घरात माणूस परत येतो.

आणि आम्हा गावकऱ्यांनाही एक सांगणे आहे. त्यांची देणगी आली की ते आपले, आणि पंक्तीत मान द्यायची वेळ आली की ते बाहेरचे, असे करू नये.

म्हणून समितीला माझी नम्र विनंती आहे. मंदिराच्या भिंतीवर जी फरशी बसणार आहे, तीवर दोन याद्या नकोत. एकच यादी असावी. रक्कम लहान असो वा मोठी, नाव अकारविल्हे यावे, आणि प्रत्येकापुढे एकच पत्ता असावा, राहणार सारंगखेडा. हल्ली मुक्काम लिहूच नये. तो बदलत असतो. दादाच्या जुन्या रेशनकार्डावर जिल्हा धुळे आहे. १९९८ च्या १ जुलैला आपला जिल्हा नंदुरबार झाला. जिथे जिल्हेसुद्धा बदलतात, तिथे मुक्कामाचे काय घेऊन बसलात?

मी यादीचे दोन्ही भाग एकत्र करून नवी प्रत लिहून आणली आहे. ती अध्यक्षांच्या हाती देतो. मान्य झाली तर माझ्या हातून २०२० साली जे लिहिले गेले, त्याची थोडी दुरुस्ती झाली असे मी समजेन. दादा आज खाली तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी मोठ्याने बोललो. गोड मानून घ्यावे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥