सरहद्दीपलीकडची स्वाक्षरी



 मुंबईच्या किनाऱ्यास ज्या समुद्रतारा येऊन लागतात, त्यांपैकी एक कराची, कोलंबो आणि कॉक्स बझार येथेही लागते. कराचीच्या ज्या स्नेह्यांना येथे भरलेल्या या परिषदेसाठी प्रवासाचे परवाने वेळेवर मिळू शकले नाहीत, त्यांचे निबंध बहुधा तिनेच आम्हांस आणून दिले असावेत.

या परिषदेचा विषय असलेले विधिसाम्य ही गोष्ट आपल्या या भूभागास अपूर्व नाही. १८७२ चा करारांचा कायदा भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश या तिन्ही देशांत आजही अंमलात आहे. ते साम्य परकीय सत्तेने लादलेले असल्यामुळे त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही, तथापि लाहोरचा वकील आणि नागपूरचा वकील प्रस्ताव व स्वीकृती यांविषयी अद्याप एकाच परिभाषेत वाद घालू शकतात, ही सोय सामान्य नव्हे. पुढे १९९६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यापारविधी आयोगाने इलेक्ट्रॉनिक व्यापारासाठी नमुना कायदा सिद्ध केला, आणि भारताने २००० मध्ये, पाकिस्तानने २००२ मध्ये, तर बांगलादेश, श्रीलंका व भूतान यांनी २००६ मध्ये कमीअधिक फरकाने त्याच्याच आधारे आपापले मसुदे तयार केले.

मग अडते कोठे? लासलगावच्या एखाद्या व्यापाऱ्याने कोलंबोच्या आयातदाराशी कांद्याचा सौदा केवळ ई-मेलवर ठरविला, आणि माल सडका निघाल्याची तक्रार होऊन कज्जा उभा राहिला, तर श्रीलंकेचे न्यायालय तेथील २००६ च्या कायद्यानुसार, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, त्या नोंदीतील मजकूर खरा धरून चालेल; आमच्याकडे मात्र, मूळ यंत्रच हजर केले नसेल तर, तीच नोंद विहित दाखल्यावाचून पुराव्यात येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, आमच्याच जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर यांच्या प्रकरणात, निक्षून सांगितले आहे, आणि नव्या साक्ष अधिनियमातही तो दाखला कायम आहे. डिजिटल स्वाक्षरीची वाट तर याहून बिकट. परदेशी प्रमाणन अधिकाऱ्यास मान्यता देण्याची तरतूद आमच्या २००० च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे, परंतु ती केंद्र सरकारच्या पूर्वमान्यतेवर अवलंबून. तेव्हा कागदावर शिक्कामोर्तब करून तो टपालाने धाडणेच व्यापाऱ्यास निर्धोक वाटले, तर नवल नाही.

ऑनलाइन मजकुरावर निर्बंध घालण्याच्या बाबतीत मात्र, कोणतीही परिषद न भरविता, आम्ही विलक्षण एकरूपता साधली आहे. आमच्या त्याच कायद्याचे कलम ६६अ, बांगलादेशचे कलम ५७ आणि नेपाळचे कलम ४७ एकापुढे एक ठेवून वाचावीत: शब्द मोघम, शिक्षा सढळ. फेसबुकवरील एका मजकुरापायी २०१२ साली ज्या पालघरात दोन तरुणींना अटक झाली, ते येथून फारसे दूर नाही. आमचे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. ढाक्याचे २०१८ मध्ये रद्द झाले खरे, पण त्याचा बराचसा आशय त्याच वर्षीच्या डिजिटल सुरक्षा कायद्याने उचलून घेतला. म्हणून स्वागताध्यक्षाच्या अधिकाराची मर्यादा किंचित ओलांडून मी म्हणेन की, स्वाक्षरी, दस्तऐवज आणि पुरावा यांचे नियम एक करण्याची शक्य तितकी त्वरा करावी, परंतु नागरिकांच्या बोलण्यालिहिण्यावरील निर्बंध एक करावयास कोणी निघाले, तर त्यास हात जोडून थांबवावे, कारण तेथे सर्वांत कडक शेजाऱ्याचेच माप सर्वांस लागू होण्याचा संभव अधिक.

सार्कची शिखर बैठक २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेली नाही. तेव्हा सर्वंकष कराराची प्रतीक्षा करीत बसण्यात अर्थ नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००५ च्या इलेक्ट्रॉनिक संदेशवहनविषयक करारास श्रीलंकेने २०१५ मध्ये अनुसमर्थन दिले, त्यासाठी तिला कोणा शेजाऱ्याची अनुमती लागली नाही. कोलंबोच्या पाहुण्यांनी त्याचा वृत्तांत पहिल्याच सत्रात सांगावा, अशी तजवीज केली आहे. अध्यक्षमहाराजांनी आता परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.