करवंटीचे शमादान

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कार्यानुभव विषयाच्या शिक्षिकेने केलेले भाषण)



आनंदबाजारातील आमच्या स्टॉलविषयी मी दोन शब्द बोलावेत, अशी सूचना आहे. त्यातला पहिला शब्द आमच्या चुकीविषयी आहे, हे आधीच सांगते.

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर आपल्यापैकी कित्येकांनी वाटीत, बशीत, उपड्या पेल्यावर मेणबत्त्या चिकटवून रात्री काढल्या. ती आठवण धरून नववीच्या मुलामुलींनी गेल्या वर्षी ठरविले की, स्टॉलवर उपयोगी पडणारी वस्तू मांडायची : शमादान. साहित्य नारळाच्या करवंट्यांचे. कोकणात त्यांना काय तोटा?

पहिला नमुना फार देखणा झाला. अख्खी करवंटी, तिच्यावर कोरलेले चंद्र-तारे, वरून खोबरेल तेलाची झिलई, बुडाशी मेणबत्ती ठेवण्यापुरते भोक. बारा नग केले. साठ रुपयांप्रमाणे पहिल्याच दिवशी सात खपले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी शमादान घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "बेटी, घरात लहान पोरं आहेत. हे बघ." आतून वरची बाजू जळून काळी झाली होती.

चूक साधी होती. ज्योतीची उष्णता वर जाते आणि वर तर आम्ही झाकणच ठेवले होते. शिवाय करवंटी म्हणजे सरपण. न्हाणीच्या चुलीत आपण तीच घालतो. हे आम्हांला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. पण नक्षीच्या नादात एकही नग तासभर पेटवून पाहिला नव्हता. त्यात पहिली चूक माझी.

एक मुलगा म्हणाला, "उरलेले पाच शोभेची वस्तू म्हणून विकू." त्यावर एक मुलगी म्हणाली, "घेणारा त्यात मेणबत्ती लावणारच." सारे गप्प झाले. मग ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले, घरोघर निरोप धाडले. सातांपैकी सहा नग परत आले, 360 रुपये परत केले. सातवा कोणाकडे गेला ते आजतागायत कळले नाही. त्याचे साठ रुपये पाकिटात जपून ठेवले आहेत. आज या सभेत तो नेणारे कोणी असतील, तर कृपया मला भेटावे.

यंदाचा नमुना आपण बाहेर पाहिलाच असेल. अर्धी करवंटी, तोंड उघडे. ती डुगडुगू नये म्हणून बुडाला जुनी बांगडी चिकटविलेली. आत कोरडी वाळू, तिच्यावर मातीची पणती आणि पणतीत पत्र्याच्या वाटीतली बुटकी मेणबत्ती. वाळूने वजन येते व उष्णता करवंटीपर्यंत पोहोचत नाही. ज्योत काठाच्या वर आणि मधोमध राहील इतकी वाळू भरायची. पाण्याची बादली शेजारी ठेवून वर्गात एक नग मेणबत्ती संपेपर्यंत जाळला. दर पंधरा मिनिटांनी काठाला हात लावून पाहिला. तेव्हा कुठे बाकीचे करावयास घेतले. सोबत चिठ्ठीही दिली आहे : पेटते शमादान सोडून जाऊ नये, पडद्याजवळ ठेवू नये.

किमतीचा धडा एका सुतारकाम करणाऱ्या पालकांनी दिला. मुलांनी पॉलिश पेपर, डिंक, पणती, मेणबत्ती यांचा हिशेब मांडला होता. ते म्हणाले, "आणि तुमची मजुरी?" स्वतःच्या श्रमाला शून्य किंमत लावणारा कारागीर फार दिवस टिकत नाही, हे मुलांना त्या दिवशी कळले.

पालकहो, मुलाने बाजारातून किती रुपये आणले, हे घरी जरूर विचारा. पण विकलेल्या वस्तूची जबाबदारी घेतलीस का, हेही विचारा. हलालची कमाई म्हणतात ती हीच.

 खुदा हाफिज.