यंत्रमानवाची शिकवणी



उलगडलेल्या कापडाची घडी दुकानातला नवा पोऱ्याही चार दिवसांत शिकतो. यंत्रमानवाला ती अवघड, कारण कापडाला ठराविक आकार नाही. म्हणून त्याला माणसांच्या कामाचे चित्रण दाखवितात. २०२२ मध्ये संशोधकांना खुल्या झालेल्या 'इगो फोर डी' संग्रहात नऊ देशांतील माणसांनी डोक्यावर कॅमेरा लावून केलेले ३,६७० तासांचे चित्रण आहे. हैदराबादची ट्रिपल आयटीही त्यात सहभागी होती. टॉवेल-चादरींसाठी आपल्या परिचयाच्या करूर येथे २०२५ मध्ये कामगार असाच कॅमेरा लावून टॉवेलच्या घड्या घालीत होते. हात कोठे वळला, हे त्यातून यंत्राला दिसते. बोटांना कळणारा पोत चित्रात उतरत नाही. आणि या हातांच्या विद्येचा मोबदला काय ठरला, हे व्यापारी म्हणून मी आधी विचारीन.